टाइल चकाचक, मग मागच्या भिंतीला ओल कुठून येते?

जुळे सोलापूरला, विजापूर रोडला जे नवीन फ्लॅट झालेत त्यातून मोरी जवळपास गायबच झालीय. शहाबादी फरशी, कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, पाणी अडवायला एक उंबरा, एवढ्यात आपलं भागायचं. आता तिथं काचेचं पार्टिशन आणि तीन बाय तीनचा पांढरा ॲक्रिलिकचा शॉवर ट्रे. दिसायला मस्तच, पण वर्ष-दोन वर्षांत पाठीमागच्या बेडरूमच्या भिंतीला खालून पोपडे निघायला लागतात आणि सगळे म्हणतात ट्रे लीक झालाय, प्लंबरला बोलवा. बऱ्याचदा ट्रे बिचारा ठणठणीत असतो. पाणी भिंतीतून गेलेलं असतं, टाइलच्या मधून.

टाइलमधून म्हणजे टाइलच्या काचेसारख्या तुकतुकीत चेहऱ्यातून नाही. तो पाणी पीत नाहीच. व्हिट्रिफाइड (खूप तापवून काचेसारखी घट्ट केलेली) टाइल तर आख्खी बुडवून ठेवली तरी वजनाच्या 0.5 टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते. भिंतीला लावतात त्या साध्या सिरॅमिक टाइलची पाठ मात्र 10 टक्क्याच्या वर शोषू शकते, आणि दोन टाइलमध्ये आपण जे सफेद सिमेंट किंवा ग्राउट भरतो ते तर भोकाभोकांचंच असतं. त्याचं कारण सिमेंटच्या जन्मातच आहे. 50 किलोच्या गोणीला रासायनिकरीत्या पक्कं व्हायला साधारण 12 लिटर पाणी लागतं, पण तेवढ्यात माल कालवलाच जात नाही, म्हणून मिस्त्री दुप्पट तरी ओततो आणि ते जादाचं पाणी नंतर उडून जातं, जाताना केसापेक्षा बारीक नळ्यांचं जाळं मागं ठेवून जातं. प्लास्टर तसंच, जोडाईचा माल तसाच, आणि वीट तर मुळातच सच्छिद्र.

आता गंमत अशी की या नळ्यांतून पाणी जायला दाब लागत नाही. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलचं एक टोक बादलीत सोडून बघा, थोड्या वेळात ओल वर चढलेली असते, कुणी ढकललेलं नसतं. पाण्याचे रेणू सुताला चिकटतात आणि एकमेकांना ओढत वर जातात, यालाच केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक तितकं पाणी जास्त चढतं: 1 मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे 3 सेंटीमीटर, 0.1 मिलिमीटरच्या नळीत सुमारे 30 सेंटीमीटर. भिंतीतल्या नळ्या त्याहून बारीक, त्यामुळे हिशोबाने पाणी कितीतरी वर जाऊ शकतं, बाष्पीभवन होतं म्हणून कुठंतरी थांबतं एवढंच. म्हणजे ट्रेच्या कडेला रोज दोन चमचे पाणी जरी आत गेलं तरी ते तिथंच बसून राहत नाही, आडवं पसरतं, वर चढतं, आणि शेवटी पलीकडच्या कोरड्या बाजूने बाहेर पडतं.

बाहेर पडताना पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड, त्यामुळे पुष्कळ घरांत वापराला बोअरचं पाणी, आणि ते जड. त्यातले क्षार, वर सिमेंट-विटेतले विरघळलेले क्षार, सगळे रंगाच्या पाठीमागं जमा होऊन तिथं त्यांचे स्फटिक वाढतात आणि पुट्टीला आतून ढकलतात. हाच तो लोणा. त्याच्यावर नुसता रंग मारून उपयोग नाही, महागाचा मारला तरी नाही.

म्हणून खरं वॉटरप्रूफिंग टाइलच्या मागं असतं. बाजारात पावडर आणि दुधासारखं लिक्विड मिसळून ब्रशने लावायचं मटेरियल मिळतं ना, त्या दुधात पॉलिमरचे अतिशय बारीक कण तरंगत असतात, पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून सलग लवचिक पापुद्रा तयार करतात. एका कोटमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच, म्हणून दुसरा कोट आडव्यावर उभा, आणि भिंत-भिंत, भिंत-जमीन जिथं मिळते त्या कोपऱ्यात फायबरची जाळी, कारण तडा पहिला तिथंच जातो. ट्रेभोवती हा कोट शॉवरच्या तोंडाच्या वरपर्यंत न्या, तीन फुटांवर थांबवू नका. आणि खाली सिमेंट-वाळूचं प्लास्टर पाहिजे. हल्ली बिल्डर आतून सगळीकडे जिप्सम मारतात, ते पाण्यात थोडं थोडं विरघळतं (लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास) आणि भिजलं की मऊ पडतं, शॉवरमागं ते नकोच. एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं) चांगलं आहे, पाणी पीत नाही, पण ते असलं म्हणून मागचा कोट वाचवायचा हे काही पटत नाही.

ट्रे आधी की टाइल आधी यावर साइटवर कायम वाद होतात. ट्रे आधी! ट्रे मालाच्या गादीवर पूर्ण टेकवून बसवायचा, पोकळ राहिला तर पाय ठेवल्यावर लचकणार. मग ट्रेला उभी पट्टी असेल तर वॉटरप्रूफिंग तिच्यावरून खाली आणायचं, मग टाइल, आणि टाइलची खालची कड ट्रेच्या वर 3 ते 5 मिलिमीटर अधांतरी ठेवायची. टाइलमागं आलेलं पाणी असं आपोआप ट्रेमध्ये पडतं. टाइल करून मग ट्रे सरकवला की सगळी भिस्त सिलिकॉनच्या (फटीत भरतात त्या रबरासारख्या सीलंटच्या) एका रेषेवर.

ती अधांतरी फट 3 ते 5 मिलिमीटर का, तर ॲक्रिलिक एका अंश सेल्सिअसला दर मीटर जवळपास 0.07 मिलिमीटर फुगतं. जानेवारीच्या सकाळी ट्रे 15 अंशाला असतो, वरून गिझरचं 40 अंशाचं पाणी पडतं, म्हणजे 90 सेंटीमीटरचा ट्रे दीडेक मिलिमीटरने वाढू पाहतो, भिंत मात्र त्याच्या सातव्या भागाइतकीच. दोन्ही कडांना वाटून साधारण पाऊण मिलिमीटर. या फटीत भरलेलं चांगलं सिलिकॉन सांध्याच्या रुंदीच्या 25 टक्के ताण सहज सोसतं, 4 मिलिमीटरची फट असेल तर हिशोब बसला. तिथं सफेद सिमेंट भरलं तर पहिल्याच थंडीत केसाएवढी चीर, आणि केसाएवढ्या चिरेतून पाणी कसं पळतं ते वर आलंच आहे.

सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर मागा, व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिड सोडतं आणि सिमेंटला त्याचं जमत नाही. अजून एक, सिलिकॉन वाळत नाही, हवेतली वाफ घेऊन घट्ट होतं, तेही बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की त्याला जास्त वेळ लागतो, तेव्हा लवकर होईल म्हणून त्याच्यावर पंखा सोडण्यापेक्षा बाथरूममध्ये बादलीभर पाणी ठेवून दार लावून घेतलेलं बरं, आणि दोन-तीन दिवस आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये.