एफबीआयचे आकडे आणि त्यांनी घडवलेले तपास

अमेरिकेच्या एफबीआयने अमुक तपास का हाती घेतला, असा प्रश्न निघाला की चर्चा लगेच राजकीय दबावाकडे वळते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: तिथल्या एजंटाची बढती कशावर ठरते?

ही संस्था १९०८ सालची. १९२४ मध्ये जे. एडगर हूव्हर तिचे प्रमुख झाले आणि १९७२ मध्ये मृत्यूपर्यंत पदावर राहिले. दरवर्षी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे ते आकड्यांची जंत्री मांडत: इतक्यांना शिक्षा, इतका दंड, इतक्या किमतीचा चोरीचा माल परत. ही सारी रक्कम संस्थेच्या खर्चाहून जास्त भरते, असा त्यांचा दावा असे. पैसा या आकड्यांवर मिळायचा, म्हणून आकडे चढते ठेवणं हेच कार्यालयांचं काम होऊन बसलं.

त्यासाठी सर्वांत सोयीच्या ठरल्या चोरीच्या मोटारी. चोरीची गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा १९१९ च्या कायद्याने केंद्रीय गुन्हा झाला होता. गाडी शोधून काढायचे स्थानिक पोलीस. एजंट ठाण्यावर जाऊन सापडलेल्या गाड्यांची यादी उतरवून घ्यायचा. गाडी परराज्यातली निघाली की तिची किंमत एफबीआयच्या कामगिरीत जमा. संघटित गुन्हेगारीचं तसं नव्हतं. तिथे वर्षानुवर्षं खपावं लागतं आणि हाती लागतील ते खटले मोजकेच. हूव्हर त्या वाटेला फारसे गेले नाहीत, त्यामागे हेही एक कारण सांगितलं जातं. नोव्हेंबर १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲपलाचिन गावी देशभरचे माफिया म्होरके जमले, तेव्हा त्यांचा सुगावा लागला तो राज्य पोलिसांतल्या एका सार्जंटला!

खबऱ्यांचीही मोजदाद होती, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान तिने केलं. १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या एफबीआय कार्यालयातून काही नागरिकांनी कागदपत्रं पळवली. एजंटांना कृष्णवर्णीय वस्त्यांत खबरे जमवायला सांगितल्याचं त्यातून उघड झालं. कसलाही गुन्हा न केलेली माणसं अशा प्रकारे फायलींत गेली.

हूव्हरनंतर, १९७३ मध्ये संचालक झालेल्या क्लॅरेन्स केली यांनी संख्येपेक्षा गुणवत्ता असं धोरण आणलं. किरकोळ प्रकरणं कमी झाली, पण अटक, आरोपपत्र आणि शिक्षा यांवर एजंटाला जोखण्याची सवय सुटली नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ च्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं. दहशतवादविरोधी कामात मोजता येईल असं फळ बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे त्या कामाने कारकीर्द पुढे सरकत नव्हती. जुलै २००१ मध्ये फिनिक्सच्या एका एजंटाने विमानचालन शिकणाऱ्या संशयितांबद्दल मुख्यालयाला लेखी इशारा दिला होता. हल्ल्यांपूर्वी त्यावर कारवाई झाली नाही.

हल्ल्यांनंतर दहशतवाद हेच संस्थेचं पहिलं काम झालं, आणि यशाची मागणीही तिथेच सरकली. २००९ च्या, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग प्रकरणात एफबीआयच्या पगारी खबऱ्याने कट सुचवला, खोटे बॉम्ब पुरवले आणि एका गरीब माणसाला अडीच लाख डॉलरचं आमिष दाखवलं. त्याच्यासह चौघांना प्रत्येकी २५ वर्षांची शिक्षा झाली. ती सुनावणाऱ्या न्यायाधीशांनीच २०२३ मध्ये तिघांच्या सुटकेचा आदेश दिला आणि या कटाचं खरं सूत्रधार अमेरिकी सरकार होतं, असं त्यात लिहिलं.