फंक्शनल टेस्ट आणि मिशन टेस्ट: क्यूबसॅट टीमने या दोन्हींत गल्लत का करू नये

विद्यार्थ्यांनी बांधलेले कितीतरी क्यूबसॅट, म्हणजे छोटे घनाकृती उपग्रह, कक्षेत सुटल्यावर जमिनीशी एकदाही बोलत नाहीत. टीमकडे मात्र पास झालेल्या चाचण्यांची लांबलचक यादी असते. बहुतेक वेळा ती यादी फंक्शनल टेस्टची असते. मिशन टेस्ट वेळेअभावी राहून गेलेली असते.

फंक्शनल टेस्टमध्ये एकेक भाग तपासतात: रेडिओ पॅकेट पाठवतो का, सेन्सर आकडे देतो का, बर्न वायर (तापणारी तार) अँटेना दुमडून धरणारा नायलॉनचा दोरा तोडते का. हे सगळं टेबलावर, भरलेल्या बॅटरीवर, संगणकाची डीबग केबल जोडून होतं. ही टेस्ट हवीच, पण केबलमधून येणारी वीज बऱ्याच चुका झाकून टाकते.

मिशन टेस्टमध्ये सगळ्या केबल काढायच्या, डिप्लॉयमेंट स्विच (उपग्रह रॉकेटमधून सुटेपर्यंत त्याची वीज बंद ठेवणारे, दाबलेले स्विच) सोडायचे आणि उपग्रहाला हात लावायचा नाही. सोलर पॅनेलच्या जागी करंट मर्यादित केलेला पॉवर सप्लाय द्यायचा. 500 किलोमीटरच्या कक्षेसाठी दर 95 मिनिटांच्या फेरीत साधारण 35 मिनिटं, पृथ्वीच्या सावलीसारखा, तो बंद ठेवायचा. कमांड फक्त रेडिओवरून, खऱ्या ग्राउंड स्टेशनच्या सॉफ्टवेअरने, तेही 8-10 मिनिटांच्या पासमध्येच, म्हणजे उपग्रह स्टेशनवरून जात असतानाच. 437 मेगाहर्ट्झवर डॉप्लरमुळे (उपग्रहाच्या वेगाने) फ्रिक्वेन्सीत सुमारे 10 किलोहर्ट्झचा फरक पडतो, तोही घालावा. एक दिवस पुरत नाही. सलग काही दिवस चालवा.

अँटेनाचंच बघा. सुटल्यानंतर किमान 30 मिनिटं ती उघडायची नसते. टेबलावर कंटाळा नको म्हणून हा टायमर 30 सेकंदांवर आणतात, आणि खरा 30 मिनिटांचा मार्ग कधी चालवलाच जात नाही. कक्षेत बॅटरी थंड आणि अर्धवट भरलेली असते, तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. बर्न वायरने एक-दीड अँपियर ओढला की व्होल्टेज कोसळतं, प्रोसेसर रीसेट होतो, टायमर शून्यावर येतो. पुन्हा 30 मिनिटं, पुन्हा रीसेट. अँटेना उघडतच नाही. फंक्शनल टेस्ट हे कधीच दाखवणार नाही.

उपाय छोटा आहे: प्रयत्नांचा आकडा आणि गेलेला वेळ एफरॅममध्ये (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) ठेवा. आकडा करंट सुरू करण्याआधी लिहा, नंतर लिहिलात तर रीसेटमध्ये तो हरवतो. ठरावीक प्रयत्न फसले की बॅटरी पुरेशी भरेपर्यंत थांबा.

जुन्या प्रकल्पांचे अहवाल वाचताना "बॅटरी कमी पडली" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या परिस्थितीत चाचणी घेतली असती तर ते जमिनीवरच दिसलं असतं, हे शोधा आणि ती परिस्थिती आपल्या मिशन टेस्टच्या वेळापत्रकात घाला.