जवळ न येणारं मूल

दीड वर्षाचं मूल धावता धावता पडतं, गुडघा खरचटतो. एरवी या वयाची मुलं भोकाड पसरतात आणि घरातल्या मोठ्या माणसाकडे धाव घेतात. हे मूल रडत नाही. कुणाकडे न बघता उठतं आणि तोंड फिरवून बसतं. नुकतंच त्याला सांभाळायला घेतलेल्या बाईला वाटतं, याला माझी गरजच दिसत नाही. मग नकळत तीही त्याच्यापासून लांब राहू लागते.

घरात हेळसांड किंवा मारहाण होत असलेल्या मुलांना काही काळ दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवलं जातं, त्या व्यवस्थेला फॉस्टर केअर म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी डोझिअर यांना अशा घरांत हेच दिसून आलं: मूल पाठ फिरवतं, तेव्हा सांभाळणारं माणूसही पाठ फिरवतं. या मुलांबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. रडून कुणी येत नाही, हे ती फार लवकर शिकलेली असतात. त्यामुळे ज्याला जवळ घेण्याची सर्वांत जास्त गरज, तेच मूल ती सर्वांत कमी दाखवतं.

हा अनुभव शरीरातही उतरतो. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक लाळेच्या नमुन्यातून मोजता येतं. सकाळी उठल्यानंतर ते भरपूर असतं आणि दिवसभर उतरत जाऊन रात्री अगदी कमी होतं. हेळसांड सोसलेल्या अनेक मुलांत सकाळची ही पातळीच कमी भरते आणि दिवसभराचा आलेख सपाट दिसतो. डोझिअर यांनी यावर घरी जाऊन द्यायचं 10 सत्रांचं प्रशिक्षण तयार केलं. मूल दूर ढकलत असलं तरी त्याला जवळ घ्यायचं, हे त्यात पालकांना शिकवतात. अशा प्रशिक्षणानंतर हेळसांड झालेल्या मुलांचा आलेख पुन्हा नेहमीसारखा उतरता होत असल्याचं आढळलं आहे.

कुटुंब मिळण्याचा परिणाम किती खोल असतो, हे रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या प्रयोगाने दाखवलं. अनाथालयांतली 136 लहान मुलं त्यात होती. चिठ्ठी टाकावी तशी यादृच्छिक निवड करून निम्मी फॉस्टर कुटुंबांत पाठवली गेली. साडेचार वर्षांची झाल्यावर या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 81 होता; अनाथालयाच्या गटाचा 73. वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. पण कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांची सरासरी 109 होती, हेही विसरता येत नाही.

आणि घर मिळालं तरी ते टिकायला हवं. मूल त्रास देतं म्हणून त्याचं घर बदलावं लागतं, असं सर्रास बोललं जातं. पण अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 729 मुलांच्या अभ्यासात मुलांच्या सुरुवातीच्या अडचणी हिशेबात धरूनही, घर स्थिर न झालेल्यांत वर्तनाच्या समस्यांचा धोका 36 ते 63 टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे घर बदलणं हीच एक स्वतंत्र इजा आहे. प्रत्येक बदलात शाळा सुटते, मित्र सुटतात, कधी सख्खी भावंडंही वेगळी होतात. नव्या घरात काही मुलं उशीखाली पोळी किंवा बिस्किटं लपवतात. त्याला चोरी म्हणू नये. उद्या जेवण मिळेल याची त्यांना अजून खात्री नसते. ते रोज वेळेवर मिळत राहिलं की लपवणं हळूहळू कमी होतं.

सगळ्यांत कठोर टप्पा अठराव्या वर्षी येतो. कायद्याने मूल सज्ञान झालं की अनेक ठिकाणी ही व्यवस्था संपते. नियोजन आणि आवेगावर ताबा सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. आईवडिलांकडे वाढलेल्या तरुणालाही या वयात घरभाडं, नोकरी, आजारपण एकट्याने निभावणं जड जातं, मग ज्याला परत जायला घरच नाही त्याचं काय? अमेरिकेत इलिनॉय राज्याने 21 वर्षांपर्यंत आधार चालू ठेवला होता. शेजारच्या आयोवा आणि विस्कॉन्सिनमध्ये तो सहसा अठराव्या वर्षीच थांबे. तिन्ही राज्यांतल्या तरुणांचा माग ठेवला, तेव्हा एकविसाव्या वर्षापर्यंत कॉलेजचं किमान एक वर्ष पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण इलिनॉयमध्ये जास्त होतं. 2008 सालच्या कायद्यानंतर इतर राज्यांनाही हा आधार 21 वर्षांपर्यंत वाढवण्यासाठी केंद्राचा निधी खुला झाला.