ट्रामनियोजन, नव्या मिश्र-वापर वसाहतीतील

घरे, दुकाने, कार्यालये, शाळा आणि दवाखाने एकाच आराखड्यात बसवलेल्या नव्या वसाहतीसाठी, रस्त्याच्या पातळीवरून धावणाऱ्या विजेच्या ट्रामचा मार्ग, थांबे, गाड्यांची संख्या, वीजपुरवठा आणि खर्चाची तजवीज ठरवण्याची ही प्रक्रिया आहे. जुन्या शहरात ट्रामसाठी जागा शोधावी लागते. नव्या वसाहतीत ती राखून ठेवता येते, आणि म्हणून येथे रेखांकन मंजूर होण्यापूर्वीच ट्रामचा निर्णय व्हावा लागतो. दुहेरी रुळांना साधारण सात मीटर रुंदीचा पट्टा लागतो. भूखंड मोजून विकले गेले की त्यातला एक मीटरही भूसंपादनाशिवाय परत मिळत नाही.

महाराष्ट्राला ट्राम नवी नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांची आणि १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली, ती ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली; नाशिकमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक रोड स्थानक आणि मूळ गाव यांना जोडणारी घोड्यांची ट्राम होती. येथे उदाहरण म्हणून घेतलेल्या कोल्हापूरकडे ट्रामचा इतिहास नाही, मात्र रूळ आणि वसाहत यांचा क्रम सांगणारे उदाहरण आहे. मिरजेहून रेल्वे १८९१ मध्ये कोल्हापुरात आली आणि त्यानंतर चारच वर्षांत राजर्षी शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गुळाच्या अडती, वखारी आणि राहती घरे तेथे शेजारीशेजारी उभी राहिली. आज ज्याला मिश्र वापर म्हणतात तो याहून फार वेगळा नाही.

नियोजनाची सुरुवात प्रवासी संख्येच्या अंदाजाने होते. लोक थांब्यापर्यंत पाच मिनिटे, म्हणजे सुमारे ४०० मीटर, चालायला तयार असतात असे धरून मार्गाच्या दोन्ही बाजूंचा परिसर आखतात आणि वस्तीची घनता त्यातच जास्त ठेवतात. थांबे ३०० ते ५०० मीटरवर असतात. गाड्यांची गरज साध्या हिशोबाने निघते. समजा मार्ग चार किलोमीटरचा आहे आणि थांब्यांसह सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर आहे, तर एका बाजूला १५ मिनिटे लागतात. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटांचा थांबा धरला तर पूर्ण फेरी ४० मिनिटांची होते. दर दहा मिनिटांनी गाडी हवी असेल तर चार गाड्या रस्त्यावर आणि निदान एक डेपोत राखीव लागते. दर वीस मिनिटांनी गाडी ठेवली तर दोन गाड्या वाचतात, परंतु प्रवासी वाट पाहत नाही, वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी) पकडतो. फेऱ्यांच्या वारंवारितेत काटकसर केलेली ट्राम शोभेची ठरते आणि त्यापेक्षा चांगली बससेवा बरी, हे नियोजकाने सुरुवातीलाच मान्य करावे.

कोल्हापुरात अशा वसाहतीसाठी मोकळी जमीन आहे ती मुख्यतः महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर. शहराचे क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर असून हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण स्थापन झाले. उजळाईवाडी किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूने निघालेली ट्राम त्यामुळे ग्रामपंचायत, प्राधिकरण आणि महानगरपालिका अशा तिन्ही ठिकाणच्या रस्त्यांवरून जाईल, आणि रुळाशेजारच्या खड्ड्याची जबाबदारी कोणाची हे करारात आधीच लिहिलेले असले पाहिजे. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्थानकापर्यंत न पोहोचणारा, वसाहतीतल्या वसाहतीत फिरणारा मार्ग निरुपयोगी आहे. पुणे-बंगळूर महामार्ग मात्र समपातळीवर ओलांडता येणार नाही. तेथे पूल किंवा भुयारी मार्ग हवा. सहा-सात टक्क्यांपर्यंतचा चढ आणि सुमारे २० ते २५ मीटरची वळणत्रिज्या ट्रामला झेपते, त्यामुळे त्या बाजूच्या माळावरील चढउतार अडचणीचे नाहीत.

अडचण पाण्याची आणि मातीची आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी त्यापलीकडे गेली व शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला. वीज उपकेंद्रे आणि डेपो पूररेषेबाहेर, उंचावर घ्यावे लागतात. उसाच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पुरेसा मुरूम भरून आणि निचरा साधूनच रुळांखालचा काँक्रीटचा थर टाकावा लागतो. ट्राम एकदिश (डीसी) विजेवर चालते. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह लोखंडी जलवाहिन्या गंजवतो, त्यामुळे रूळ रबरी आवरणाने विलग करणे आणि वाहिन्या पट्ट्याबाहेर टाकणे ही कामे पहिल्याच टप्प्यात उरकतात.

रस्त्यात बसवलेल्या रुळाला चाकाच्या कडेसाठी सुमारे चार सेंटिमीटर रुंदीची खोबण असते. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर शेतातला चिखल आणि पाचट रस्त्यावर सांडतात. ते खोबणीत दाबून बसले की चाक उचलले जाते, आणि साफसफाई करणारी गाडी हा खर्चाचा नियमित भाग बनतो. दुचाकीचे चाक हीच खोबण तिरकी ओलांडताना घसरते. दुचाकींच्या या शहरात त्यांना रूळ काटकोनात ओलांडता येतील असेच चौक आखावेत. तारेचाही विचार वेगळा करावा लागतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेतील सासनकाठ्या (मिरवणुकीतील उंच मानाच्या काठ्या) आणि गणेशोत्सवातील उंच मूर्ती ज्या मार्गाने जातात तेथे पाच-सहा मीटर उंचीवरची तार चालणार नाही. तेवढ्या टप्प्यात बॅटरीवर धावणारी गाडी किंवा फ्रान्समधील बोर्दो शहराने २००३ मध्ये स्वीकारलेली जमिनीतून वीज देणारी पद्धत हे पर्याय आहेत. पावसाचे पाणी साचणाऱ्या रस्त्यांवर पहिला अधिक सोयीचा.

खर्चाबाबत अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथील ट्राम २००१ मध्ये सुरू झाली; पर्ल डिस्ट्रिक्ट या जुन्या रेल्वे यार्डाच्या भागात विकासकाने सार्वजनिक कामांच्या बदल्यात किमान घनता मान्य केली : उड्डाणरस्ता हटवल्यावर एकरी ८७ घरे, ट्रामसोबत १०९ आणि उद्यानासोबत १३१. मार्गालगतच्या मालमत्ताधारकांकडून विशेष आकारणीही झाली. आपल्याकडे वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकाचे (एफएसआय, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या बांधकामाचे प्रमाण) अधिमूल्य आणि सुधार आकार (सार्वजनिक कामामुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीवरील आकारणी) ही साधने उपलब्ध आहेत. भारत सरकारने २०१९ मध्ये मेट्रोलाइटची, म्हणजे कमी क्षमतेच्या हलक्या मेट्रोची, मानके प्रसिद्ध केली, पण ती मुख्यतः वाहतुकीपासून वेगळ्या केलेल्या मार्गासाठी आहेत. बांधकामाचा पैसा कसाही उभा राहिला तरी गाड्या चालवण्यातली दरवर्षीची तूट कोण भरणार हे ठरल्याशिवाय निविदा काढू नये. शहरबसचा तोटा सोसणाऱ्या महानगरपालिकेवर तो भार टाकणे व्यवहार्य नाही.

टप्पे आखताना जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराच्या रीझेलफेल्ड या नव्या वसाहतीचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. तेथे पहिले रहिवासी १९९६ मध्ये आले आणि १९९७ मध्ये, बहुतेक इमारती उभ्या राहण्याआधी, ट्राम पोहोचली, त्यामुळे अनेक कुटुंबांना दुसऱ्या मोटारीची गरजच पडली नाही. इतकी भांडवली उडी शक्य नसल्यास राखीव पट्ट्यातून आधी त्याच थांब्यांवर, त्याच वेळापत्रकाने बस चालवतात आणि चौकांतील वाहिन्या व काँक्रीट मात्र रस्ता पहिल्यांदा बांधतानाच घालून ठेवतात.