काळा पडदा आणि तीन बीप

गणपतीचे दहा दिवस गावी काढून मुंबईचं घर उघडलं की जी कामं निघतात, त्यात एक हमखास असतं: कॉम्प्युटर चालू होत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, आतून बीप-बीप येतं आणि पडदा मात्र काळाच. अशा वेळी पहिली शंका येते ती मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेल्याची. बहुतेकदा ती चुकीची असते. मुकाट पडलेल्या मशीनपेक्षा बीप करणारं मशीन दुरुस्त करणं कितीतरी सोपं, कारण बिघाड कुठे आहे हे ते स्वतःच सांगत असतं.

ते कसं, हे कळण्यासाठी बटण दाबल्यावरचे पहिले एक-दोन सेकंद बघू. बटण एसएमपीएसला, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याला, फक्त इशारा देतं. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो, ते स्थिरावले की अर्ध्या सेकंदाच्या आत मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ हा संकेत पाठवतो, आणि मग प्रोसेसर जागा होतो. तो पहिली आज्ञा वाचतो ती बायोसच्या, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, छोट्या चिपमधून. या क्षणी रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी, वापरण्याजोगी नसते. प्रोसेसर आपल्या पोटातली कॅश मेमरीच पाटीसारखी वापरतो. रॅम शोधायची, तिचा वेग जुळवायचा, ती तपासायची, मग ग्राफिक्स जागं करायचं, असा हा क्रम आहे. पडद्यावर अक्षर उमटतं ते यानंतर. त्याआधी काही अडलं तर बायोसकडे तक्रार करायला एवढासा बझरच असतो. १९८१च्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत चालत आली आहे.

म्हणजे बीप आला याचा अर्थ एसएमपीएसने वीज दिली, प्रोसेसर चालला आणि बायोसची चिप वाचली गेली. संशयितांच्या यादीतले तीन महागडे भाग बऱ्याच अंशी सुटले. उरतात मुख्यतः रॅम आणि ग्राफिक्स.

कॅबिनेट उघडण्याआधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघा. टेबलाखालचा यूपीएससुद्धा बीप करतो, आणि दोन्ही शेजारी ठेवलेले असले की कान फसतो. कॉम्प्युटरची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. मशीन सुरळीत चालू झालं तर दोष यूपीएसच्या बॅटरीचा. दुसरी सोपी तपासणी कीबोर्डची: एखादी कळ दाबली गेली असेल तरी काही मशीन बीप करत राहतात, म्हणून कीबोर्ड काढून एकदा चालू करून बघा.

मग बीप मोजा. मोबाइलवर तो आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि शांतपणे ऐका: किती लांब, किती आखूड, मध्ये विराम कुठे. चालू होताना एकच आखूड बीप म्हणजे बहुतेक बोर्डांवर ‘सगळं ठीक’. बाकी संकेतांचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो आणि इथेच लोक चुकतात. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा बिघाड; आसुसच्या बोर्डांवर तोच नाद म्हणजे रॅम सापडत नाही, आणि ग्राफिक्ससाठी तिथे एक लांब, तीन आखूड. जुन्या एएमआय बायोसमध्ये ३ बीप रॅमकडे बोट दाखवतात. डेलच्या अनेक डेस्कटॉपांत ३ म्हणजे मदरबोर्ड. रॅम सापडत नसेल तर २, रॅम सदोष असेल तर ४, आणि ५ बीप म्हणजे बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला. तेच तीन बीप ऐकून एकाने रॅम पुसायची आणि दुसऱ्याने बोर्ड बदलायचा, इतका फरक पडतो. म्हणून कुठलाही सर्वसाधारण तक्ता प्रमाण मानू नका. बोर्डाचं मॉडेल त्याच्यावरच ठळक छापलेलं असतं. त्याच मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

नव्या कॅबिनेटमध्ये बझर नसतोच बऱ्याचदा. बोर्डावर ‘स्पीकर’ असं लिहिलेल्या चार पिनांवर लावायचा छोटा बझर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अगदी किरकोळ किमतीत मिळतो, आणि प्रत्येक घरी एक असावा असं माझं मत आहे. काही बोर्डांवर त्याऐवजी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरुवात) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथे अडलंय.

आता रॅम. हिच्यावर वेळ घालवणं सार्थकी लागतं.

मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. त्यात समुद्राकडून येणारे क्षाराचे सूक्ष्म कण, आणि खाडीच्या किंवा नाल्याच्या कडेला घर असेल तर हायड्रोजन सल्फाइड हा गंजवणारा वायू. रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर खरोखर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही. पण तो थर एक मायक्रॉनहूनही पातळ. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोहोचते आणि गंजाचं पुटकुळं वर येतं. मशीन रोज चालू असेल तर आतल्या उबेने ओल टिकत नाही. दहा दिवस बंद राहिलं की तिला मोकळं रान. डीडीआर४ पिढीच्या रॅमला २८८ पट्ट्या असतात आणि ती १.२ व्होल्टवर चालते. इतक्या कमी व्होल्टेजला एका पट्टीवरचा गंजाचा थरही पुरेसा अडथळा ठरतो.

वायर भिंतीतून काढा. मग चालू करायचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि अधूनमधून लावत राहा. पावसाळ्यात स्थिर विजेचा धोका कमी असतो, एसी लावलेल्या कोरड्या खोलीत जास्त. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब वायर काढल्यावरही राहू शकतो.

सगळ्या रॅम काढा आणि रॅमशिवाय एकदा मशीन चालू करा. हे विचित्र वाटेल, पण याच्याइतकी बोलकी चाचणी नाही. रॅमच नाही म्हटल्यावर बोर्डाने ‘रॅम नाही’ अशी तक्रार करायला हवी. केली, तर बोर्ड आणि प्रोसेसर शुद्धीवर आहेत. आधी वाजत होता तोच नाद आताही वाजला, तर लावलेली रॅम त्याला दिसतच नव्हती. काहीच वाजलं नाही, आणि बझर तर जोडलेला आहे, तर दोष आणखी मुळाशी आहे.

पुन्हा वायर काढून रॅमच्या पट्ट्या पुसा. आपल्याकडे खोडरबर घासायची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि त्याने मशीन चालूही होतं. तरी ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा: खोडरबर त्या पातळ सोन्यालाही घासतो, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये, म्हणजे रॅम बसायच्या खोबणीत, पडतो. शाईचा खरखरीत खोडरबर तर कधीच नको. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घ्या, पट्ट्या वरून खाली पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. स्लॉटमधली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात.

लावताना एकच रॅम घ्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवा. चार स्लॉटांच्या बोर्डावर तो बहुधा प्रोसेसरकडून दुसरा, ए-२ असतो. खाच जुळवा आणि दोन्ही टोकं खटकन आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली रॅम हे बीपचं फार मोठं कारण आहे. नवशिका जोर लावायला घाबरतो. चालू झालं नाही तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम पहिल्या स्लॉटमध्ये. एक रॅम कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नसेल तर ती रॅम गेली. दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये अडत असतील तर स्लॉट खराब, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली. रॅम सांभाळणारं सर्किट एएमडीने २००३पासून आणि इंटेलने २००८पासून प्रोसेसरच्याच आत नेलं, म्हणून सॉकेटमधल्या एका पिनेमुळे रॅमचा अख्खा चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला एक मार्ग, नाहीसा होऊ शकतो. नवी डीडीआर५ रॅम लावली असेल तर पहिल्यांदा वेग जुळवायला काही मिनिटंही लागतात. तेवढा वेळ पडदा काळा असतो. घाईने बंद करू नका.

ग्राफिक्सचा संकेत असेल तर कार्ड काढून पट्टी तशीच पुसा आणि कार्डाला वेगळी लागणारी ६ किंवा ८ पिनांची वायर घट्ट आहे का बघा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर कार्ड बाजूला ठेवून मॉनिटर थेट बोर्डाला जोडा.

एवढ्यानेही भागलं नाही तर बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच ठेवा. हार्ड डिस्क, यूएसबी, सगळं काढा. बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर तो २.७च्या खाली दिसला तर बदला, आणि मॅन्युअलप्रमाणे बायोसची जुळणी (सेटिंग्ज) पुसून टाका. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, नंतर ती मागितली जाऊ शकते.

मशीन सुरू झालं तरी लगेच झाकण लावू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर ती रॅम कामाला ठेवू नये, कारण अशी रॅम बीप न करता फाइली बिघडवत राहते. चाचणी स्वच्छ निघाली, पण पुढच्या आठवड्यात तोच बीप परत आला, तर रॅम सोडा आणि स्लॉट बघा: टॉर्च मारून आतल्या पिनांवर हिरवट किंवा काळपट थर आहे का ते तपासा.