टोळांनी तोंड न लावलेलं झाड

आमच्याकडे वर्षाचे गहू भरायचे म्हणजे आधी कडुनिंबाचा पाला वाळवायचा, तोही सावलीतच, आजी त्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. पाला चुरचुरीत झाला की कोठीच्या तळाला एक थर, मग गहू, मधे परत पाला, आणि झाकण लावायच्या आधी शेवटचा थर. गोठ्यात संध्याकाळी त्याच पाल्याचा धूर, गोमाश्या आणि चिलटं पळावीत म्हणून. हे का लागू पडतं असं घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

सायन्सचं लक्ष इकडे वळलं ते टोळांमुळे. 1959 साली सुदानमधे टोळधाड आली, सगळं हिरवं फस्त झालं आणि कडुनिंबाची झाडं तेवढी तशीच उभी राहिली, हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने बघितलं. मग 1962 मधे दिल्लीत टोळ आले तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळ्या दळून, पाण्यात कालवून पिकांवर फवारल्या. टोळ उतरले पण पानांना तोंड लावलं नाही! खरं तर तेव्हाच याचा गाजावाजा व्हायला हवा होता, पण तो काळ डीडीटी या रासायनिक कीटकनाशकाचा. 1968 मधे निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, वेगळं काढलं गेलं. त्याने किडीला खाणं नकोसं होतं आणि अळीचं कात टाकणं बिघडतं, म्हणून फवारल्या फवारल्या कीड मेलेली दिसत नाही आणि लोकांना वाटतं औषध वायाच गेलं.

1994 साली युरोपियन पेटंट ऑफिसने एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला पेटंट दिलं, कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी रोखण्याचं. बुरशीचं असलं तरी झाड आपलंच आणि वापरही आपलाच, त्यामुळे हे वाचून आजही मला राग येतो. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, बेल्जियमच्या राजकारणी माग्दा आलव्हूट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आयफोम ही संघटना, यांनी हरकत घेतली. हा वापर आधीपासूनचाच आहे हे दाखवायचं होतं. अडचण एकच, पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेली गोष्ट पुरावा म्हणून मांडायची कशी? तिथे पुण्याकडच्या एका उत्पादकाची साक्ष कामी आली, त्यांनी 1985-86 मधेच पुणे आणि सांगली जिल्ह्यात शेतावर कडुनिंबाचा असाच अर्क वापरून बघितला होता. मे 2000 मधे पेटंट रद्द झालं, मार्च 2005 मधे अपीलही फेटाळलं गेलं.

आज शेतकरी 5 टक्के निंबोळी अर्क करतात तो सोपा आहे, 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण 100 लिटर करायचं. फवारायचा मात्र संध्याकाळी, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर नासतं. हे कळलं तेव्हा मला आजीचा तो सावलीतला पाला आठवला.