दैनंदिन जादू व नगररचना

काल्पनिक विश्वांवर बेतलेल्या रोल-प्लेइंग खेळांत (ज्यांत खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात) जादू ही मोजक्या सिद्धांची मिरास न राहता दिवाबत्ती, पाणी, शेती, वाहतूक यांसारख्या नित्याच्या गरजांसाठी मोल देऊन मिळू लागली, तर गावांची वस्ती, बांधणी व अर्थव्यवहार कसे बदलतील, याचा विचार या संकल्पनेत होतो. जादूचे सामर्थ्य किती यापेक्षा ती किती जणांना येते, काय भावाने मिळते आणि तिचा परिणाम किती काळ टिकतो, या बाबी नगराचे रूप ठरवितात, असे नियमपुस्तकांवरून दिसते. आगीचा गोळा फेकणारा मंत्र लढाईत कितीही उपयोगी असला, तरी वस्तीच्या दृष्टीने अन्नपाणी शुद्ध करणारा सर्वांत खालच्या पातळीचा मंत्र अधिक परिणामकारक ठरतो.

उगम : संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ अमेरिकन मासिकांतील अद्भुतकथांत आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1940 साली ‘अननोन’ मासिकात आलेल्या दीर्घकथेचा नायक बांधकाम साहित्याचा व्यापारी असून जादू हा तेथे चारचौघांसारखा धंदा आहे. रँडल गॅरेट यांच्या 1964 पासूनच्या कथामालेत जादूला परवाना आणि शास्त्राची शिस्त आहे. दुसऱ्या मतानुसार ही संकल्पना साहित्यातून आलेली नसून खेळाच्या नियमांतूनच, विशेषतः दरपत्रकांतून, हळूहळू घडली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे (1974) एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी 1979 च्या सूत्रधार-पुस्तकात (खेळ चालविणाऱ्यासाठीच्या नियमपुस्तकात) आपल्या प्रेरणास्थानांची जी यादी दिली, तीत हाइनलाइन व गॅरेट हे दोघेही नाहीत. अर्थात यादीत नाव नसणे हा निर्णायक पुरावा नव्हे. ‘अननोन’मध्येच लिहिणारे स्प्रेग डी कँप व फ्लेचर प्रॅट तीत आहेत, तेव्हा त्या मासिकातील कथा गायगॅक्स यांना अगदीच अपरिचित असतील असे म्हणवत नाही.

तरीही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या खेळांत गाव आले ते जादूच्या आधी : डेव्हिड वेसली यांच्या सुमारे 1969 मधील ‘ब्राउनस्टाइन’ या खेळात नेपोलियनकालीन काल्पनिक जर्मन गाव होते आणि जादू मुळीच नव्हती. पुढे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे दुसरे कर्ते डेव्ह अर्नेसन यांच्या हातून गाव व जादू एकत्र आली, पण गावाचा साचा मध्ययुगीन युरोपचाच राहिला. मंत्रसेवेचे (मोल घेऊन मंत्र घालून देण्याचे) दर तपशीलवार छापले जाऊ लागल्यावर, या दरांत अशी गावे मध्ययुगीन राहतीलच कशी, हा प्रश्न खेळाडूंना पडू लागला. ‘रूनक्वेस्ट’ (1978) या खेळात सामान्य माणसालाही थोडीफार जादू येते. मात्र तिचा संबंध पंथ व दैवते यांच्याशी असल्यामुळे तिला प्रस्तुत संकल्पनेची पूर्वपीठिका मानावे की स्वतंत्र धारा, हे विवाद्य आहे.

दिवाबत्ती : अखंड प्रकाशाचा मंत्र या विषयात वारंवार चर्चिला जातो, आणि ते योग्यच आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1974 च्या नियमांत हा दुसऱ्या पातळीचा मंत्र असून त्याला सामग्रीचा खर्च नव्हता आणि मोडून काढेपर्यंत त्याचा प्रकाश टिकत असे. म्हणजे एक मध्यम दर्जाचा मांत्रिक रोज एक दिवा लावीत गेला, तरी काही वर्षांत अख्खे शहर उजळून निघावे. ही अडचण कर्त्यांच्याही लक्षात आली असावी. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत, ज्या वस्तूवर मंत्र घातला ती कालांतराने झिजते, अशी पुस्ती जोडलेली आढळते. मात्र कठीण व मौल्यवान पदार्थ शेकडो वर्षे टिकू शकतात असेही तेथेच म्हटल्यामुळे अडचण फारशी सुटली नाही. तिसऱ्या आवृत्तीत (2000) प्रत्येक दिव्यामागे 50 सुवर्णनाण्यांचे माणिकचूर्ण सक्तीचे झाले.

2003 च्या सुधारित नियमांनुसार मंत्रसेवेचे 60 व चूर्णाचे 50 असे मिळून अखंड मशालीचे मोल 110 सुवर्णनाणी होते आणि वस्तूंच्या यादीतही तीच किंमत आहे. साधी मशाल एका ताम्रनाण्यात तासभर जळते व तिचा उजेडही तितकाच पडतो. एका सुवर्णनाण्याची 100 ताम्रनाणी (किंवा 10 रौप्यनाणी) धरल्यास 11,000 तासांनंतर, म्हणजे रोज 12 तास जळणाऱ्या दिव्याच्या बाबतीत सुमारे अडीच वर्षांत, खर्च भरून निघतो. नगरपालिकेला हा व्यवहार सहज परवडणारा आहे. अकुशल मजुराला मात्र, रोजी एक रौप्यनाणे असल्याने, तो दिवा 1,100 दिवसांच्या मजुरीचा पडतो. त्यामुळे चौक व हमरस्ते उजळलेले आणि घरे अंधारलेली, असे चित्र या आकड्यांतून उभे राहते. रात्रीचे बाजार, गस्तीची बदललेली पद्धत आणि दिवे चोरणाऱ्यांचा धंदा या गोष्टी त्यातून ओघानेच येतात; नियमपुस्तके याविषयी फारसे बोलत नाहीत.

पाणी व शेती : वनस्पतिवृद्धीच्या मंत्राने अर्ध्या मैलाच्या परिसरातील, म्हणजे सुमारे 500 एकरांतील, उत्पन्न वर्षभर वाढते. तिसऱ्या आवृत्तीत ही वाढ एक-तृतीयांश आहे, तर पाचव्या आवृत्तीत (2014) उत्पन्न थेट दुप्पट होते. मध्ययुगीन शहरांच्या वाढीला शेतीच्या अपुऱ्या वरकडीचा अडसर होता, हे लक्षात घेतल्यास हा फरक मोठा आहे. असे असूनही तिसऱ्या आवृत्तीच्या वस्ती-कोष्टकात 25,000 हून अधिक लोकसंख्या असलेले नगर हेच महानगर मानले आहे; वाढीव धान्याचा हिशोब त्यात धरलेला दिसत नाही.

तटबंदी : शिळाभिंतीचा मंत्र कायम टिकणारी भिंत क्षणात उभी करतो, तर उड्डाणाचा मंत्र कोणतीही भिंत निरुपयोगी करतो. तरीही खेळांतील बहुतेक नगरांना मध्ययुगीन धर्तीचाच कोट आढळतो.

शार्नचे उदाहरण : संकल्पनेची सर्वांत पद्धतशीर मांडणी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘एबेरॉन’ या विश्वात आहे. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने 2002 मध्ये घेतलेल्या स्पर्धेतील 11,000 हून अधिक प्रस्तावांमधून कीथ बेकर यांच्या या विश्वाची निवड झाली आणि 2004 मध्ये ते प्रसिद्ध झाले. येथे महान जादूगार विरळ, पण पोटापाण्यापुरते दोन-चार मंत्र जाणणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. संदेशवहन, रोगोपचार, वाहतूक हे धंदे अंगावर वंशपरंपरागत ड्रॅगनचिन्हे उमटणाऱ्या घराण्यांच्या मक्तेदारीत आहेत. जादू आली म्हणून समता आली नाही, ही या विश्वातील सर्वांत पटणारी गोष्ट म्हणावी लागेल.

शार्न हे त्यातील मनोऱ्यांचे शहर सिरानिया या दुसऱ्या लोकाच्या (पलीकडच्या जगाच्या) प्रभावक्षेत्रात वसलेले असल्यामुळे तेथे तरंगण्याची व उडण्याची जादू बळावते. अशक्यप्राय उंचीचे मनोरे व त्यांच्यामधून फिरणाऱ्या भाड्याच्या आकाशनौका त्यामुळेच संभवतात; या नौका शहराबाहेर चालत नाहीत. श्रीमंतांची वस्ती वर, गरिबांची खाली आणि भट्ट्या व कारखाने त्याखालच्या भूगर्भात, अशी उभी विभागणी आहे. खालच्या एका भागात 918 साली (त्या विश्वाच्या कालगणनेनुसार) तरंगता काचमनोरा कोसळला आणि तो भाग आजही उद्ध्वस्त दाखविला आहे. शहरांना जोडणारी विद्युत्-रेल वाटेवर मांडलेल्या वाहकशिळांवरून धावते; 994 मध्ये साइर हे राज्य नष्ट झाल्यावर तिचा मार्ग मधोमध तुटला.

दळणवळण : स्थानांतरणाची कायम वर्तुळे शहराशहरांत असती, तर मधले रस्ते, सराया व बाजारगावे ओस पडून भव्य शहरे आणि त्यांच्यामध्ये निर्जन प्रदेश एवढेच उरले असते, अशी एक उपपत्ती खेळाडूंमध्ये ‘टिप्पीव्हर्स’ या नावाने प्रचलित आहे. ती तर्कशुद्ध असली, तरी नवव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, पातळीचे मंत्र जाणणारे पुरेशा संख्येने आहेत असे गृहीत धरते.

संगणकीय खेळ : येथे मर्यादा तंत्राच्या असतात. ‘मॉरोविंड’मध्ये (2002) टेलवानी घराण्याच्या कवकरूपी मनोऱ्यांत जिने नाहीत, तरंगण्याचा मंत्र येत नसेल तर वर जाता येत नाही. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (2006) शहरे वेशीपलीकडची स्वतंत्र दृश्ये झाल्याने भिंतीवरून तरंगत आत येणे परवडणारे नव्हते, म्हणून तो मंत्र वगळण्यात आला आणि कथेत त्याला कायद्याने बंदी असल्याचे कारण देण्यात आले.